आतून एक्कावन्न

बाबांना झटका आला तेव्हा त्यांच्या सदऱ्याच्या खिशात स्टीलची पट्टी, पेन्सिलचं थोटूक आणि कॅलेंडरच्या फाडलेल्या पानामागे काढलेलं एक चित्र होतं. दवाखान्यात नर्सने ते सगळं पिशवीत घालून माझ्या हातात दिलं. चित्र मी चार दिवसांनी उलगडून पाहिलं. गाडीच्या टर्बोपासून इंटरकूलरपर्यंत एक नळी, इंटरकूलरपासून इंजिनापर्यंत दुसरी, कुठे किती वाकवायची ते, आणि दोन्ही नळ्यांवर बाबांच्या त्या छापल्यासारख्या अक्षरात एकच आकडा : ५१. कशाचे एक्कावन्न, कुठून कुठे एक्कावन्न, काही नाही. त्यांना माहीत होतं, म्हणून त्यांनी लिहिलं नव्हतं.

गाडी म्हणजे बाबांनी निवृत्तीच्या जरा आधी घेतलेली लहान डिझेल गाडी. बाबांच्या कारखान्याचं बरखेड्यातलं क्वार्टर सोडून आम्ही अयोध्या नगरात स्वतःच्या घरात आलो, तेव्हा आईने देव आणले आणि बाबांनी हत्यारांची पेटी आणि ही गाडी. बाकी सामान टेम्पोवाल्याच्या भरवशावर आलं. बाबांची सगळी नोकरी पाइपिंगमध्ये गेली होती. कुठल्याही पाहुण्याकडे गेलं की ते आधी न्हाणीघरातले नळ बघायचे आणि मग चहा घ्यायचे. आईला याची फार लाज वाटायची.

टर्बो म्हणजे काय, हे मला त्यांनी जेवताना दोन वाट्या शेजारी ठेवून समजावलं होतं. इंजिनाचा धूर जाता जाता एक पंखा फिरवतो, त्याच दांड्यावरचा दुसरा पंखा ताजी हवा दाबून इंजिनात कोंबतो. पण दाबली की हवा तापते, तापली की विरळ होते, आणि मग कोंबण्याचा उपयोग काय? म्हणून वाटेत तिला थंड करायला एक जाळीचा डबा असतो, तो इंटरकूलर. आमच्या गाडीला कंपनीने तो शाळेतल्या पाटीएवढा दिला होता, आणि तोही इंजिनाच्या कोपऱ्यात. मे महिन्यात ए.सी. लावून, मागे दोघं बसवून श्यामला हिल्सचा चढ घेतला की गाडी दम टाकायची. मोठा इंटरकूलर पुढच्या बंपरमागे, वाऱ्याच्या तोंडावर बसवायचा, हा बाबांचा निवृत्तीनंतरचा बेत होता. कबाड्याकडून त्यांनी एक निवडून आणला, घासून धुतला, पाण्याच्या टबात बुडवून कुठे बुडबुडे येतात का ते पाहिलं आणि जुन्या चादरीत गुंडाळून ठेवला.

"याहून मोठा नव्हता का?" मी विचारलं होतं.

"मोठं म्हणजे चांगलं, हे तुमच्या ऑफिसात," बाबा म्हणाले. "टर्बो केवढा ते आधी बघायचं. त्याची जेवढी फुंकर, तेवढाच डबा आणि तेवढीच नळी. जाड घातलीस तर ती भरेपर्यंत गाडी विचार करत बसेल. बारीक घातलीस तर घुसमटेल."

मी खरंच ऑफिसातला माणूस. शिवाजी नगराकडच्या एका सरकारी कार्यालयात फायली पुढे सरकवतो. माझ्या बोटांना शाई लागते, ग्रीस नाही. बाबांनी हे मनाला लावून घेतलं नव्हतं असं मी म्हणणार नाही.

झटक्याने त्यांचं उजवं अंग गेलं आणि बोलणं गेलं. समजत सगळं होतं. बातम्या लागल्या की त्यांच्या कपाळाला आठ्या पडत, आईने भाजीत मीठ कमी घातलं की ताट सरकवत. पण सांगायला जात तेव्हा तोंडातून फक्त "अं, अं" येई. एक शब्द मात्र शाबूत राहिला होता, आणि तो म्हणजे शिवी. ती अगदी खणखणीत, एखाद्या फोरमनसारखी. घरात ज्या माणसाने उभ्या आयुष्यात "गाढवा"पलीकडे मजल मारली नव्हती, तो सुनेच्या वयाच्या फिजिओथेरपीवाल्या मुलीला शिवी हासडायचा आणि स्वतःच घाबरून तिच्याकडे बघत राहायचा. आई पदर तोंडाला लावायची. "कारखान्यात हेच शिकले का हो?" असं म्हणायची आणि मग हसू की रडू हे तिला कळायचं नाही. मलाही कळायचं नाही.

बोलणं शिकवायला एक बाई घरी येत. त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. एक, यांना यांच्या ओळखीच्या कामाजवळ बसवा. दुसरी, "इनके मुँह में शब्द मत डालिए. रुकिए. इंतज़ार कीजिए." पहिल्या काही महिन्यांत जे परत येईल ते येईल, नंतर फार काही हाती लागत नाही, असंही त्या जाताना फाटकापाशी हळूच म्हणाल्या.

तेव्हा मी ठरवलं की इंटरकूलर बसवायचा. गाडी चढावर दम टाकते की धावते, याच्याशी मला काडीचं देणंघेणं नव्हतं. मला बाबांचा आवाज परत हवा होता. त्यांच्या डोळ्यांदेखत त्यांचंच काम काढलं, आणि ते मी, म्हणजे जगातल्या सगळ्यात अडाणी मेकॅनिकने काढलं, तर त्यांना राहवणार नाही, काहीतरी बोलतीलच, असा माझा हिशेब. तो तसा बरोबरच ठरला.

एक गोष्ट मला येत होती याची घमेंड मात्र होती. लहानपणी क्वार्टरच्या मागच्या अंगणात बाबांनी मला व्हर्नियर धरायला शिकवला होता. व्हर्नियरला दोन जबडे असतात. मोठा जबडा वस्तूला वरून चिमटीत धरतो, लहान उलटा जबडा भोकात घालून आतून उघडतो. "पाइपाचं नाव आतून," बाबा म्हणायचे. "आतून जे वाहतं ते महत्त्वाचं, म्हणून आतून मोजायचं." दोन इंची पाइप वरून मोजला तर चांगला सव्वादोनच्या पुढे भरतो, हे सांगून मी शाळेत मास्तरांना गप्प केलं होतं. कारखान्याच्या कॉलनीतल्या पोराला एवढं तरी यायलाच हवं. पाइप आतून. हे मी कधी विसरलो नाही.

त्यामुळे बाजारात अॅल्युमिनियमच्या नळ्या घ्यायला गेलो तेव्हा मी व्हर्नियर खिशातून असा काढला की दुकानदार जरा अदबीने बोलू लागला. लहान जबडा भोकात घालून आतून बरोबर एक्कावन्न मिलिमीटर भरेल अशी नळी निवडली. तसेच वाकवलेले तुकडे घेतले. जोडायला लागणारे रबरासारखे सिलिकॉनचे होज मागवले, तेही एक्कावन्नचे. गोविंदपुऱ्यात एक आर्गन वेल्डिंगवाले चाचा आहेत, पांढरी दाढी, एक डोळा कायम बारीक केलेला. त्यांना बाबांचं चित्र आणि माझे तुकडे दाखवले.

"नाप पक्का है?" त्यांनी विचारलं.

"पक्का," मी म्हणालो.

त्यांनी पुन्हा विचारलं नाही. माणसाने एवढ्या ठसक्यात सांगितल्यावर कोण विचारेल?

एका रविवारी सकाळी पोर्चमध्ये बाबांची खुर्ची गाडीच्या तोंडासमोर मांडली. बंपर काढून ठेवला होता. आई आत कणीक मळत होती. मी नळी उचलली, परीक्षेला बसल्यासारखा लहान जबडा तिच्या तोंडात घातला आणि मोठ्याने म्हणालो, "एक्कावन्न!"

बाबांनी "अं" केलं. डावा हात वर केला. मी थांबलो. बाईंनी सांगितलं होतं ना, थांबा. त्यांच्या गळ्याच्या शिरा फुगल्या, ओठ मिटले, पुन्हा उघडले.

"बा," ते म्हणाले. "बा... हेर."

माझ्या हातातून नळी पडली. आई कणकेच्या हातांनी धावत आली. "काय म्हणाले? काय म्हणून राहिले ते?"

"बाहेर!" मी ओरडलो. "बाहेर म्हणाले!"

"बाहेर," बाबा पुन्हा म्हणाले. स्पष्ट म्हणाले.

आई तिथेच फरशीवर बसली आणि रडायला लागली. मग एकदम उठली. "अहो, बाहेर जायचं तुम्हाला? मग जाऊ ना. किती दिवस झाले, घरातच तर आहे हा माणूस. चल रे, ती व्हीलचेअर काढ."

आम्ही त्यांना उचलून व्हीलचेअरवर बसवलं आणि गल्लीत नेलं. मंदिरापर्यंत जाऊन आलो. वाटेत जो भेटेल त्याला आई सांगत होती, हे बोलले, स्वतःहून बोलले. बाबा मागे वळून वळून घराकडे बघत होते. मान वळत नव्हती तरी वळवत होते. मी म्हणालो, इतक्या दिवसांनी बाहेर आलेत, भांबावलेत. परत आल्यावर आईने शिरा केला. मी आयुष्यात इतका आनंदात कधी नव्हतो, हे आज लिहिताना माझा हात जड होतो.

बोलण्याच्या बाईंनाही आनंद झाला. "बहुत अच्छा. अब इस शब्द को पकड़ के रखिए. जब भी बोलें, फ़ौरन बाहर ले जाइए. उन्हें लगना चाहिए कि बोलने से काम होता है." आम्ही दोघांनी माना डोलावल्या. बोललं की काम होतं, हे त्यांना पटायला हवं होतं.

मग रोजचं ते सुरू झालं. मी ऑफिसातून आलो की तासभर पोर्चमध्ये खटपट करायचो, बाबा खुर्चीत. मी नळी हातात घेतली की पाच मिनिटांत "बाहेर". की लगेच आई चपला घालून तयार. आम्ही त्यांना गल्लीत फिरवायचो, उद्यानापर्यंत न्यायचो, एकदा तर पार बायपासच्या कडेपर्यंत नेऊन ट्रक दाखवले. ते परत येताना डाव्या हाताने खुर्चीच्या दांड्यावर मूठ आपटायचे आणि ती शिवी द्यायचे. शब्द एक, शिवी एक, आणि त्यात त्यांना सगळं बसवायचं होतं.

एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती, हे मला कबूल केलं पाहिजे. दूरदर्शन बघताना, जेवताना, पलंगावर पडल्या पडल्या त्यांना कधीच बाहेर जायचं नसायचं. फक्त मी काम करताना जायचं असायचं. मी आईला तसं म्हणालोही.

"तुझं काम पाहून कंटाळून राहिले ते," आई म्हणाली. "मलाही कंटाळा येते."

मला ते लागलं. खोटं कशाला बोलू, चांगलंच लागलं. मी इथे यांच्यासाठी नखं काळी करून घेतोय आणि यांना गल्ली बघायची आहे. त्यानंतर दोन-तीन दिवस मी त्यांच्याकडे पाठ करूनच काम केलं.

एके संध्याकाळी मी टर्बोकडच्या टोकाला होज चढवत होतो. ते टोक छान बसलं. दुसरं टोक नळीवर चढेना. काही केल्या चढेना. मी नळी बाबांच्या मांडीवर ठेवून होज गरम पाण्यात बुडवायला आत गेलो. परत आलो तर बाबांनी नळी डाव्या हातात घट्ट धरली होती आणि तिचं अंग खुर्चीच्या दांड्यावर ठोकत होते. टक, टक. "बाहेर," ते म्हणाले. टक. "बाहेर." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

मी काय केलं? पायावर पडेल म्हणून नळी त्यांच्या हातातून सोडवून घेतली. ती सहज सुटली नाही, मला त्यांची बोटं एकेक करून उघडावी लागली. मग आईला हाक मारली आणि त्यांना मंदिरापर्यंत फिरवून आणलं.

होज शेवटी चढला. साबणाचं पाणी लावून, दोन्ही गुडघ्यांत नळी दाबून मी तो ताणून ताणून चढवला. वरून क्लिप आवळली. इतका घट्ट बसला होता की मला वाटलं, घट्ट बसलं म्हणजे चांगलंच बसलं. बाबांना हाताने दाखवलं, बघा. त्यांनी बघितलं. "बाहेर," अगदी हळू, जणू स्वतःशी, म्हणाले. त्यानंतर ते तो शब्द म्हणाले नाहीत. सोमवारी नाही, मंगळवारी नाही. आम्हाला वाटलं, त्यांचं फिरण्याचं समाधान झालं असेल. आई म्हणाली, आता दुसरा शब्द येईल.

पुढच्या रविवारी सकाळी गाडी बाहेर काढली. बाबांना पुढे बसवलं, पट्टा लावला, पडू नयेत म्हणून उजवीकडे उशी खोचली. आई मागे. दहाच वाजले होते पण ऊन तापलं होतं. बायपासला लागलो. गाडी जरा आळशी वाटत होती. पाय दाबला की आधी काहीच नाही, मग उशिरा जाग आल्यासारखी एकदम ओढ. मी बाबांना म्हणालो, "हळूहळू सवय होईल हो तिला." ते समोर बघत होते.

पुलाच्या चढावर एका ट्रकच्या पुढे जायला मी पाय पूर्ण दाबला. बंपरमागून फाट् असा आवाज झाला, मग नुसती फुसफुस, आणि आरशात मागे काळाकुट्ट धूर. गाडीतला जीवच गेला. आई "देवा, देवा" करायला लागली. मागून येणाऱ्या ट्रकने इतक्या जवळून हॉर्न दिला की बाबांचं सगळं अंग दचकलं. मी कशीबशी गाडी कडेला घेतली आणि बंद केली.

बॉनेट उघडलं. होज नळीवरून निसटून लोंबकळत होता. आतल्या बाजूला साबण अजून ओला होता. मी तो पुन्हा चढवायचा प्रयत्न केला, हात भाजले, चढला नाही. ताणून चढवलेल्या रबराला टर्बोच्या दाबापुढे टिकायचंच नव्हतं, पण हे मला तेव्हा कुठे ठाऊक? वीस मिनिटं मी तिथे वाकून उभा होतो. गाडीत ए.सी. बंद, काचा उघड्या, रस्त्याची धग आत. आई पदराने बाबांना वारा घालत होती. त्यांचा चेहरा लाल झाला होता, ओठाच्या कोपऱ्यातून लाळ उशीवर गळत होती.

"अरे, काहीतरी कर ना रे," आई म्हणाली.

मला काहीही करता येत नव्हतं. गाडी सुरू करून तशीच हळूहळू नेता आली असती, हे मला नंतर कळलं. बाबांना एकट्याने उचलताही येत नव्हतं. शेवटी एक ऑटोवाला थांबला आणि मोटारसायकलवरून जाणारे दोन अनोळखी गडी उतरले. त्यांनी बाबांना काखेत धरून उचललं. "चलो अंकल, हो गया, हो गया," असं ते त्यांना लहान मुलासारखं म्हणत होते. बाबांची एक चप्पल रस्त्यावर राहिली. मी ती ऑटोत ठेवली. ऑटो निघाली तेव्हा ते माझ्याकडे बघत होते. रागाने बघितलं असतं तर बरं झालं असतं.

वेल्डिंगवाले चाचा फोन केल्यावर एका पिकअपमागे बांधून गाडी घेऊन गेले. मीही गेलो. त्यांनी होज हातात फिरवला, मग नळी, मग आपला बारीक डोळा आणखी बारीक केला.

"को खाँ, नाप कां से लिया था?"

"अंदर से," मी म्हणालो. "एक्कावन."

"अंदर से!" ते हसले. वाईट नव्हते हसले. "मियाँ, आप इसे पाइप समझ रिये हो. ये पतली चीज़ है, ट्यूब है. ट्यूब का नाप बाहर से चलता है. अंदर से इक्यावन लोगे तो बाहर से सत्तावन हो जाएगी, फिर इक्यावन का होज कैसे बैठेगा? अब्बा तो आपके कारखाने में थे. उनने नहीं बताया?"

मी तिथल्या उलट्या ठेवलेल्या डब्यावर बसलो.

त्यांनी सांगितलं होतं. अंगणात, मी आठ-नऊ वर्षांचा असताना, पूर्ण सांगितलं होतं. पाइप आतून, ट्यूब बाहेरून. जाड अंगाचा तो पाइप, त्याचं नाव आतून. पातळ अंगाची ती ट्यूब, तिचं माप बाहेरून. दोन्ही एकाच दमात म्हणायचे ते, आणि मी त्यातलं पहिलं अर्धं घेऊन शाळेत मास्तरांवर तोरा मिरवायला पळालो होतो. दुसरं अर्धं त्यांनी आता सांगितलं. अर्धा मेंदू मेलेला असताना, सगळे शब्द गेले असताना, जो एक शब्द लागणार होता तो खणून वर काढला आणि रोज सांगितला. नळी दांड्यावर ठोकून सांगितलं. आणि आम्ही रोज त्यांना व्हीलचेअरवर घालून गल्ली दाखवून आणली. बोललं की काम होतं हे पटावं म्हणून.

मी चाचांसमोर रडलो. त्यांनी पाण्याचा ग्लास आणून दिला आणि आपल्या कामाला लागले, त्यांचे उपकार.

घरी पोचलो तेव्हा चार वाजले असतील. मी चाचांकडून नळीचा कापलेला एक तुकडा आणला होता. बाबा पलंगावर उशीला टेकून होते, आईने त्यांना ताक दिलं होतं. मी हत्यारांच्या पेटीतून व्हर्नियर काढला, त्यांच्यासमोर बसलो आणि मोठा जबडा तुकड्याला वरून लावला.

"बाबा," मी म्हणालो. "ट्यूब बाहेरून."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांचं तोंड अर्ध्या बाजूने हसलं. डाव्या हाताची मूठ त्यांनी गादीवर आपटली, एकदा, दोनदा, तीनदा. हो, हो, हो. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते हसत होते, मी त्यांचा हात धरून नुसता "चुकलो, चुकलो" म्हणत होतो. आई दारात उभी होती, तिला मी सगळं सांगितलं. ती खाली बसली आणि त्यांचे पाय दाबू लागली.

तेव्हा बाबांनी हात सोडवून घेतला. बोट वर केलं, थांब अशा अर्थाने. त्यांना आणखी काहीतरी सांगायचं होतं. गळ्याच्या शिरा फुगल्या. "ह," ते म्हणाले. "ह... ह..."

मी थांबलो. मी फार वेळ थांबलो. तोंडात शब्द घालायचा नव्हता. ते माझ्याकडे बघत होते, मी त्यांच्याकडे. "ह," एवढंच येत होतं. शेवटी मला राहवलं नाही.

"हवा?"

त्यांनी मान हलवली. नाही.

"होज? हळू? हात? हात दुखतो का?"

नाही. मी नळीचा तुकडा पुढे केला, तिची कड दाखवली, वळण दाखवलं. नाही. कॅलेंडरचं पान आणलं, एकेका रेघेवर बोट ठेवलं. नाही, नाही. आई म्हणाली, "हवं आहे काही? हरी म्हणता का?" ते डोळे मिटून पुन्हा उघडायचे आणि पुन्हा "ह" म्हणायचे, प्रत्येक वेळी जरा हळू. ते गाडीबद्दल होतं की माझ्याबद्दल, की भलतंच काही, हेसुद्धा आम्हाला कळलं नाही. अजून कळलेलं नाही.

मग त्यांनी प्रयत्न सोडला. माझा चेहरा कसा झाला होता कोण जाणे. त्यांनी डावा हात उचलून माझ्या हातावर ठेवला आणि हळूहळू थोपटू लागले. ते माझी समजूत घालत होते.